माशांचं घर, लाकडाचा पाया आणि खालचा शेजार

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या 'सभासदांचे छंद' या कार्यक्रमातील भाषण. बोलणं जसंच्या तसं ठेवलं आहे. फक्त मापं आणि हिशोब नीट लिहून काढले आहेत.)



सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'घरातील मोठा फिशटँक'. बच्चेकंपनीला वाटत असेल, आता आजोबा माशांची नावं सांगतील. नावं सांगतो, पण शेवटी. आज मला बोलायचं आहे ते लाकडाबद्दल. टाकीच्या खालचा स्टँड आणि वरची कॅनॉपी. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मासे पाहतो, काच पाहतो, लाईट पाहतो. खाली कशावर हे सगळं उभं आहे, ते कोणी वाकून पाहत नाही. आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाचा खरा प्रश्न तर तिथेच आहे. बंगल्यात फरशीच्या खाली जमीन असते. आपल्याकडे माझी फरशी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घराचं छत असतं.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. कर्ज देताना आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, तारण काय? दुसरा प्रश्न, मार्जिन किती? शंभर रुपयांच्या मालावर शंभर रुपये कर्ज कोणी देत नाही. टाकीचं गणित मी त्याच सवयीनं मांडलं.

माझी टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच. म्हणजे वीस घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर पाणी मावतं. काठोकाठ भरली तर ५६६ लिटर. पण आपण वरून दोन इंच सोडतो, काचेची जाडी जाते, वाळू-दगड जागा खातात. तेव्हा पाणी पाचशे लिटर धरा. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात घासाघीस नाही. काच १२ मिलिमीटरची. काचेचा हिशोब असा की एक चौरस मीटर काच, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. तळ आणि चार बाजू मिळून ३८ चौरस फूट, म्हणजे साडेतीन चौरस मीटर. झाले १०५ किलो. वाळू आणि दगड ६० किलो. स्टँड ९० किलो, कॅनॉपी २० किलो. बेरीज ७७५ किलो. पावणेआठ क्विंटल!

आपण वरूडकर, आपल्याला क्रेटच्या भाषेत लवकर समजतं. वीस किलोचा संत्र्याचा क्रेट धरला तर जवळजवळ एकोणचाळीस क्रेट, दहा चौरस फूट जागेत, एकावर एक रचून, वर्षाचे बारा महिने. एवढं ओझं मला पहिल्या मजल्यावर माझ्या हॉलमध्ये ठेवायचं होतं.

ही गोष्ट २०१७ ची. सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्या आज समोर पहिल्या रांगेत बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. त्या म्हणाल्या, "बँकवाले भाऊ, तुमी वर तळं बांधून राह्यले म्हनते. ते माह्या पलंगाच्या वरतच येते का?"

मी घरात जाऊन टेप लावला. काकूंचं म्हणणं अगदी बरोबर होतं. माझ्या हॉलच्या ज्या भिंतीला टाकी लागणार होती, तिच्याच खाली त्यांचा पलंग होता. आता हसून सोडून देता आलं असतं. 'काही होत नाही हो काकू' म्हणता आलं असतं. पण बँकेत 'काही होत नाही' या वाक्यावर मी कधी सही केली नाही. मी कमिटीला रीतसर अर्ज दिला, सोबत वजनाचा हा हिशोब जोडला, आणि लिहून दिलं की इंजिनिअरचा लेखी अभिप्राय आल्याशिवाय टाकी घरात आणणार नाही.

इंजिनिअर साहेब आले. त्यांनी समजावून सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी आहे. राहत्या घरांच्या स्लॅबसाठी माणसं, फर्निचर वगैरे मिळून दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. आयएस ८७५ या भारतीय मानकात तसं आहे. म्हणजे चौरस फुटाला साडेअठरा किलो. माझ्या टाकीचा भार होता चौरस फुटाला साडेसत्याहत्तर किलो. चौपटीहून जास्त! मी म्हटलं, संपलं, आता लहान काचेचा बाऊल आणून एक मासा सोडावा. पण ते म्हणाले, स्लॅब फक्त त्या दहा फुटाचाच विचार करत नाही. भार कुठे आहे, कोणत्या दिशेनं पसरला आहे, जवळ बीम आणि कॉलम कुठे आहेत, खोलीत बाकी काय आहे, हे सगळं मिळून ठरतं. खोलीच्या मधोमध ठेवलेली टाकी वेगळी आणि बीमवरच्या भिंतीला लागून ठेवलेली वेगळी.

त्यांनी नकाशा पाहिला आणि तीन अटी घातल्या. पहिली, टाकी ज्या भिंतीखाली बीम आहे तिलाच लांबीनं लागून ठेवायची आणि कॉलमच्या बाजूला सरकवायची. दुसरी, स्टँड सुट्या पायांवर उभा न करता खाली सलग चौकट द्यायची, म्हणजे वजन चार-सहा ठिपक्यांत न उतरता पूर्ण पट्टीवर पसरेल. तिसरी, त्या भिंतीजवळ दुसरं जड सामान ठेवायचं नाही. तिथे माझी दोन लोखंडी कपाटं होती, जुन्या फायली आणि पुस्तकांनी भरलेली. ती हलवली. अर्ध्या फायली रद्दीत गेल्या, सौ. आजही त्या टाकीचे आभार मानते.

एक विनंती. हा हिशोब माझ्या भिंतीचा आहे. तुमच्या घरात बीम वेगळ्या जागी असेल. माझं पाहून कोणी सरळ टाकी ठेवू नये, आधी जाणकाराला दाखवावं.

आता लाकूड. बाजारात मिळतात ते बहुतेक लोखंडी अँगलचे स्टँड. ते वाईट नाहीत. पण पाण्याच्या सान्निध्यात लोखंडाला गंज चढतो, आणि सुट्या पायांच्या स्टँडचं वजन फरशीच्या चार ठिकाणी टोचतं. लाकडाचं मला आकर्षण होतंच. आपल्या भागाला मेळघाटच्या सागवानाचं वरदान आहे. परतवाड्याला लाकडाचा आगार आहे, तिथला लिलाव जुन्या लोकांना माहीत आहे. तिकडे चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान तर इतकं नावाजलेलं की २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरच्या आगारातून लाकूड गेलं.

पण मी नवीन लाकूड कमी घेतलं. जुनी घरं पाडली जातात तेव्हा सागवानी खांब आणि कड्या निघतात. मला अशाच एका पाडलेल्या घराचे खांब मिळाले. पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेलं लाकूड. त्याला आता वाकायचं, फाटायचं काही उरलेलं नसतं. ओलं लाकूड आपल्या मे महिन्यात असं पिळतं की चौकटीचा काटकोन राहत नाही. जुन्या लाकडाची एकच अडचण, आत लपलेले खिळे. करवतीचे दात जातात. म्हणून मिस्त्रींनी आधी प्रत्येक खांबावरून लोहचुंबक फिरवलं आणि मगच करवत लावली. जे थोडं नवीन सागवान लागलं ते पावतीनिशी घेतलं. वनखात्याचं लाकूड असेल तर कागद मागावा, त्यात संकोच करू नये. एकूण लाकूड लागलं तीन घनफुटांच्या आसपास.

सागवानात गाभ्याचं लाकूड पिवळसर तपकिरी, त्याला वाळवी सहसा लागत नाही. बाहेरचं पांढरं लाकूड मात्र वाळवी आवडीनं खाते. ते सगळं काढून टाकलं. आणि सागवानात मुळात तेल असतं, त्यामुळे गोंद नीट धरत नाही. सांधा जोडायच्या आधी तो भाग थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचा, मग पाण्यात टिकणारा गोंद लावायचा. या गोष्टी पुस्तकात एका ओळीत असतात, मिस्त्रींच्या हातात जन्मभर असतात.

आमच्या मिस्त्रींबद्दल दोन शब्द बोलतो. त्यांच्या वडिलांनी संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकल्या. मग प्लास्टिकचे क्रेट आले आणि ते काम गेलं. पुढे पलंग, दरवाजे केले, मग तयार फर्निचर आलं. मी नकाशा काढून नेला तेव्हा त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं पाहिला. माझ्या नकाशात आडव्या पट्ट्या पायांच्या बाजूला स्क्रूनं बसवलेल्या होत्या, जसं तयार स्टँडमध्ये पाहिलं होतं तसं. त्यांनी पेन्सिलनं ते खोडलं आणि म्हणाले, "साहेब, खियाच्या भरोशावर वजन टाकू नका. खिया धरते, पेलत नाई."

मित्रहो, आजच्या सगळ्या भाषणातून एकच वाक्य न्यायचं असेल तर मिस्त्रींचं हे वाक्य न्या. वरची चौकट पायांच्या बाजूला लटकवायची नाही, पायांच्या डोक्यावर बसवायची. म्हणजे काचेचं वजन प्लायवर, प्लायचं चौकटीवर, चौकटीचं पायांवर, पायांचं खालच्या चौकटीवर आणि तिथून फरशीवर. लाकडावर लाकूड, सरळ खाली. मध्ये कुठेही स्क्रूच्या बारीक दांड्यावर काही अडकलेलं नाही. सगळे स्क्रू काढले तरी वजन जिथल्या तिथे उभं राहिलं पाहिजे. स्क्रू आणि गोंद फक्त लाकडाला जागेवरून हलू न देण्यासाठी.

आमचा स्टँड असा झाला. उंची तीस इंच. तीन बाय तीन इंचाचे सहा पाय, तीन पुढे, तीन मागे. वर आणि खाली तीन बाय दोन इंचाची चौकट, वरच्या चौकटीला मधून दोन आडव्या पट्ट्या. बाजेच्या खुराला भोक पाडून त्यात गातं बसवतात ना, तसे पाय वरच्या आणि खालच्या चौकटीत खाचा पाडून बसवले. सरळ दाबाखाली सागवानाचा असा एक पाय टाकीच्या वजनाला घाबरत नाही. भीती असते ती बाजूला झुकण्याची. रिकाम्या पत्त्यांच्या घरासारखं, सरळ उभं असतं तोवर ठीक, तिरकं झालं की संपलं. त्यासाठी मागची पूर्ण बाजू आणि दोन्ही कडा १२ मिलिमीटर प्लायनं बंद केल्या. पातळ वाटणारा तो प्लाय चौकटीला तिरकी होऊच देत नाही. मागच्या प्लायला फक्त पाइप आणि वायरपुरती गोल भोकं ठेवली.

प्लाय घेताना एक काळजी घ्या. साधा कमर्शियल प्लाय आयएस ३०३ चा असतो, तो घरातल्या कोरड्या कामाचा. पाण्याजवळ आयएस ७१० चा मरीन प्लाय. शिक्का प्लायवरच छापलेला असतो, वाचून घ्यावा. टाकीखाली १९ मिलिमीटरचा मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट आणि त्यावर काच. थर्माकोल कशासाठी? काचेच्या खाली वाळूचा एक कण राहिला तरी तेवढ्या जागी सगळं वजन टोचतं. थर्माकोल तो कण पोटात घेतो. पण स्टँडच वाकडा असेल तर थर्माकोल काही करू शकत नाही.

म्हणून पाणसळ. आपल्या फरशा वरून सपाट दिसतात, तशा त्या नसतात. माझ्या हॉलमध्ये पाच फुटात तीन मिलिमीटरचा उतार निघाला. एक कोपरा खाली गेला तर काचेच्या तळाला पीळ पडतो आणि सिलिकॉनचा जोड हळूहळू सुटतो. त्या कोपऱ्यात स्टँडच्या खालच्या चौकटीखाली सागवानाच्या बारीक पाचरी सरकवल्या. पाचर नेहमी लाकडाखाली, काचेखाली कधीच नाही.

आता कॅनॉपी. हा शब्द आमच्या मिस्त्रींना पटला नाही. ते म्हणाले, हे तर मखर आहे. खरंच आहे! गणपतीला असतं तसं, आत दिवा, वर छत, पुढे नक्षीची पट्टी. त्या दिवसापासून आमच्या घरी त्याचं नाव मखरच.

मखराचं काम स्टँडच्या उलट. स्टँड जितका भक्कम तितका चांगला, मखर जितकं हलकं तितकं चांगलं. कारण त्याचं वजन काचेच्या काठावर येतं. म्हणून १२ मिलिमीटर मरीन प्लायची पेटी, फक्त पुढच्या दर्शनी कडेला सागवानाची पट्टी. उंची दहा इंच. आतून चारही बाजूंनी एक बारीक पट्टी मारली आहे, ती काचेच्या काठावर टेकते, आणि पेटीची कड दीड इंच खाली उतरते. त्यामुळे पाण्याची वरची रेघ दिसत नाही. स्टँड तीस, काच चोवीस, मखर दहा, वरून दीड इंच खाली उतरलेलं. म्हणजे सगळं मिळून पाच फूट अडीच इंच. पुढचं झाकण लांब पट्टीच्या बिजागरीवर वर उघडतं, दाणे टाकायला आणि हात घालायला. चोवीस इंच खोल टाकीच्या तळाला हात पोचायला छोटा स्टूल लागतो. यापेक्षा खोल टाकी घेऊ नका, सफाई होणार नाही.

तरुणपणी बँकेच्या ट्रेनिंगला मुंबईला गेलो होतो तेव्हा मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं. १९५१ साली सुरू झालेलं. सगळे मासे पाहत होते, मी एका कर्मचाऱ्याला विचारलं, तुम्ही आत हात कुठून घालता? तो म्हणाला, मागून, लोकांना दिसत नाही तिथून. तो विचार मनात राहून गेला. मासे ठेवणं म्हणजे आठवड्यातून एकदा हात घालणं. ज्याला हात घालायची सोय ठेवली नाही, त्याची टाकी सहा महिन्यांत हिरवी होते आणि पुढे गच्चीवर जाते.

मखराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचे तीन हात. उजेड परततो आणि वाफेनं लाकूड फुगत नाही. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा पितळेच्या, साधं लोखंड तिथे वर्षभरही टिकत नाही. मागची बाजू चार इंच उघडी. हे वरूड आहे, इथे मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंशांपर्यंत पारा जातो. बंद पेटीत दिव्याची उष्णता कोंडली की पाणी तापतं, आणि पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडतात ते त्यामुळे. म्हणून आत एलईडी लावले, आणि त्यांची गरम होणारी डबी मखराच्या बाहेर ठेवली.

विजेबद्दल एक वाक्य. टाकीकडून येणारी प्रत्येक वायर आधी बोर्डच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब खाली पडेल, बोर्डात जाणार नाही. आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असल्याशिवाय ओल्या हाताचा छंद करू नये.

स्टँड झाला, मखर झालं, पण काकूंच्या डोक्यावर पहिला प्रयोग करायचा नव्हता. म्हणून पूर्ण स्टँड आणि टाकी आधी आपल्या पार्किंगमध्ये उभी केली. आठवतं ना सगळ्यांना? तिथे खाली जमीन, वर आकाश. चार दिवसांत रोज चौथाई अशी पूर्ण भरली आणि आठवडाभर तशीच ठेवली. वरच्या चौकटीच्या लांबीला आधी दोरी ताणून मधलं अंतर मोजलं होतं, भरल्यावर पुन्हा मोजलं. डोळ्याला फरक दिसला नाही. पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत काठापासून सारखी होती. ही सर्वांत सोपी परीक्षा आहे, कारण पाणी स्वतःच पाणसळ आहे. आठवड्यानं ते पाचशे लिटर पाणी आपल्या गेटजवळच्या झाडांना दिलं आणि रिकामी टाकी सहा जणांनी जिन्यानं वर नेली.

वर भरायच्या आधी इंजिनिअर साहेबांनी काकूंच्या बेडरूमच्या छताला पाहिलं. प्लास्टरमध्ये केसासारखी एक जुनी रेघ होती, पांढऱ्या रंगाखाली दबलेली. अशा रेघा बहुतेक घरांत असतात. त्यांनी पेन्सिलनं तिच्या दोन्ही टोकांना खूण केली आणि बाजूला तारीख लिहिली. म्हणाले, दर महिन्याला पाहा, रेघ खुणेच्या पुढे सरकली तर मला फोन करा आणि त्याच दिवशी टाकी रिकामी करा. मी काकूंना तसं लिहून दिलं, सही करून. माझ्या आयुष्यात मी अनेकांकडून हमीपत्रं घेतली, हे पहिलं जे मी दिलं.

काकूंनी ते काम माझ्यावर सोडलं नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नातवाला स्टुलावर चढवून त्या स्वतः पाहायच्या. छताला तारखांची ओळ लागली आहे. रेघ आहे तिथेच आहे. मागच्या वर्षी रंग द्यायला माणसं आली तर काकूंनी तेवढा हातभर तुकडा रंगवू दिला नाही. मी म्हटलं, काकू, आता पुसून टाका की. तर म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, तुमचं तळं वर आहे तोवर माही वही बी राहीन."

आता एक अवघड गोष्ट. २०१९ चा उन्हाळा. आपला तालुका भूजलाच्या नोंदीत अतिशोषित म्हणून आहे, बोअर खोल खोल जात गेले हे आपण पाहिलं. त्या वर्षी वरूड-मोर्शीत संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या. आपल्या सोसायटीतही पाणी दिवसाआड झालं. मीटिंगमध्ये एका सभासदानं, त्यांची स्वतःची बाग आहे, सर्वांसमोर विचारलं, "साहेब, आमची झाडं वायून राह्यली अन् तुमी मासोया पोसून राह्यले?"

प्रश्न योग्य होता. वजनाचा प्रश्न खालच्या एका घराचा होता, हा सगळ्या गावाचा. मी पुढच्या मीटिंगला हिशोब घेऊन गेलो. टाकीचा पृष्ठभाग दहा चौरस फूट. पातळी एक सेंटीमीटर उतरली म्हणजे नऊ लिटरच्या वर पाणी उडालं. आपल्या कोरड्या हवेत उघडी टाकी किती पाणी पिते याचा अंदाज त्यावरून येतो. मखराच्या आत काठावर सरकत्या काचा घातल्या होत्या, त्यांना लागून पाणी पुन्हा आत टपकतं, म्हणून आमची भर रोजची एक-दोन तांब्यांची. दर आठवड्याला पन्नास लिटर पाणी बदलावं लागतं. ते गटारात एकदाही गेलं नाही. माशांच्या पाण्यात नायट्रेट असतं, झाडाला तेच खत. आपल्या कंपाउंडमधला कढीपत्ता आणि ते संत्र्याचं झाड याच पाण्यावर आहे. बोअरमधून काढलेलं पन्नास लिटर माशांनी वापरून झाडाला दिलं, म्हणजे झाडासाठी वेगळं पन्नास लिटर लागलं नाही.

तरीही त्या उन्हाळ्यात मी मासे कमी केले. निम्मे दोन मित्रांना दिले, उरलेल्यांना दाणे कमी टाकले, आणि पाणी बदलणं पंधरा दिवसांवर नेलं. कमी मासे, कमी दाणे, कमी घाण. त्या सभासदांनी पुढे बोलणं वाढवलं नाही. दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला तेव्हा तेच संत्र्याच्या झाडाला आळं करायला खुरपं घेऊन आले.

बच्चेकंपनी, आता तुमची नावं. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी खूश असतात. झेब्रा डेनिओ तर आपल्याच देशातला मासा, भारी चपळ. गोल्डफिश सगळ्यांना हवा असतो, पण तो थंड पाण्याचा जीव. वरूडच्या मे महिन्यात त्याला का छळायचं? आणि टाकी भरली की लगेच मासे सोडायचे नसतात. फिल्टरमध्ये उपयोगी जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर धरायचा.

शेवटी कमिटीचे आभार. माझ्या अर्जानंतर कमिटीनं ठराव केला की कोणत्याही फ्लॅटमध्ये एका जागी जड वस्तू ठेवायची असेल, मग ती पाण्याची जादा टाकी असो, तिजोरी असो की गच्चीवरच्या मातीच्या कुंड्यांची रांग असो, आधी अर्ज, वजनाचा हिशोब आणि खालच्या घराशी बोलणं. कुणाला ती कटकट वाटली. मला वाटतं, पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीनं केलेल्या चांगल्या ठरावांपैकी तो एक आहे. आपण एकमेकांच्या डोक्यावर राहतो. वरच्यानं काय ठेवलं हे खालच्याला माहीत असलं तर खालचा निवांत झोपतो.

ज्यांना स्टँड आणि मखर पाहायचं असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर जरूर या. मी स्टँडचं दार उघडून सांधे दाखवीन. कुणाला स्वतः करायचा असेल तर माझ्याकडे मापांचा कागद आहे, त्याची झेरॉक्स देईन, आणि मिस्त्रींकडे सोबत येईन. वय झालं तरी रंधा हातात घेतला की त्यांचा हात अजून थरथरत नाही. काम मिळालं तर त्यांना आनंदच होईल.